डोंगराचं बटण

जुन्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर डोंगराचं एक लहानसं चिन्ह असतं. ते निवडलं की कॅमेरा समजतो, समोरची वस्तू फार लांब आहे, आणि भिंग अनंतावर नेऊन स्वस्थ बसतो. हे बटण माझ्या ओळखीतल्या कुणी कधी दाबल्याचं ऐकिवात नाही. लग्नात डोंगर नसतो, बारशात नसतो, आणि कळसूबाईला गेलेला माणूस डोंगराचा नव्हे, डोंगरासमोर उभ्या राहिलेल्या स्वतःचा फोटो काढतो. मी मात्र ते बटण नेमाने दाबतो. माझ्या समोर खरोखरच डोंगर असतो, फक्त त्याची जाडी ०.०३ मिलिमीटर असते आणि तो मायक्रोस्कोपखाली काचेच्या पट्टीवर चिकटवलेला असतो.

आमच्या जिल्ह्यात दगडाचा तुटवडा कधीच पडला नाही. जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला, एसटीच्या रांगेत अजून नगरच आहे, आणि दगड दोन्ही नावांखाली तोच आहे. अकोले तालुक्याकडचा घाटमाथा सोडला तर पावसाची वाट पाहण्यात आमचं आयुष्य जातं. दगडाची वाट कुणाला पाहावी लागत नाही. नांगर लावा, दगड. विहीर खणा, दगड. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने गोल गोल घुसळून केलेले रांजणखळगे आहेत, ते त्याच दगडात. भुईकोट किल्ला त्याचाच. ज्याला आम्ही चांदबिबीचा महाल म्हणतो आणि जी प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे, ती इमारतही त्याचीच. इतकं सगळं करूनही या दगडाला लोकांनी नाव दिलं ते ‘काळा दगड’. पुस्तकात तो बेसाल्ट. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग त्यांच्याखाली झाकलेला आहे, आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई त्याच चळतीतलं. एवढी खानदानी वस्तू, पण दाराशी पडली तर आपण ती उचलून स्कूटरच्या चाकाला अडणी म्हणून लावतो.

दगडातही नशीबवान असतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या खाणीत या बेसाल्टच्या पोकळ्यांमधून हिरव्या अपोफिलाइटचे असे स्फटिक निघाले की ते जगभरच्या संग्राहकांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसले. तिकडे पुण्याच्या नगर रोडवर वाघोलीला निळंशार कॅव्हन्साइट निघतं. त्या रस्त्यावर तासन्‌तास अडकलेल्या माणसाला आपण कशाच्या शेजारी अडकलो आहोत याचा पत्ता नसतो. सिन्नरला तर अशा स्फटिकांचं ‘गारगोटी’ नावाचं अख्खं संग्रहालय आहे, तिकीट काढून लोक पाहायला जातात. पण ज्या काळ्या दगडाने हे रत्न कोट्यवधी वर्षं पोटात सांभाळलं, तो क्रशरमध्ये जातो आणि खडी होऊन बाहेर पडतो. माझी सगळी सहानुभूती या दुसऱ्याकडे आहे. काही अंशी तत्त्व म्हणून, आणि काही अंशी तो फुकट मिळतो म्हणून.

फुकट मिळतो, पण सहज मिळतो असं नाही. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यातून दगड उचलायचा नसतो, किल्ल्याला हातोडी लावायची नसते, आणि शनिशिंगणापूरच्या दिशेने तर हातोडी घेऊन जाऊही नये. उरते ती विहिरीतून उपसलेल्या दगडांची रास, रस्त्याकडेची खडी आणि क्रशर. क्रशरवर एखादा चष्मेवाला मनुष्य वाकून दगड निवडू लागला की तिथलं वातावरण बदलतं. चहा येतो. खुर्ची येते. मग कुणीतरी अदबीने विचारतं, ‘साहेब, तहसीलमधून का?’ गौण खनिजाचा धाक मोठा असतो. मी म्हणतो, नाही हो, मला याचा फोटो काढायचाय. यावर चहा परत जात नाही, पण खुर्चीला आधीचा मान राहत नाही. ‘मग काढा की,’ एकजण म्हणाला, ‘तो काय हलतोय होय?’

त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. दगड हलत नाही. फोटो हलतो. पण ते पुढे येईलच.

आधी दगडाला फोटोसाठी तयार करावं लागतं, आणि हे काम नवरदेवाच्या तयारीहून जास्त वेळ खातं. किचन ओट्याची फरशी कापणाऱ्या दुकानात गेलं की हिऱ्याच्या चकतीवर एक पातळ चकला कापून मिळतो. दुकानदाराला एवढंच वाटतं की आपलं गिऱ्हाईक फार लहान ओटा बांधतंय. मग काचेच्या तावदानावर कार्बोरंडम पावडर आणि पाणी घेऊन एक बाजू घासायची, आधी जाड पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक. ती बाजू काचेच्या पट्टीला चिकटवायची. पूर्वी कॅनडा बाल्सम नावाचा डिंक वापरत, आता इपॉक्सी. आणि मग दुसरी बाजू घासत जायचं. इतकं घासायचं की काळाकुट्ट बेसाल्ट पारदर्शक व्हावा. लोकांना हे पटत नाही. काळा दगड घासून घासून आरपार दिसू लागतो, हे सांगितलं की ते माझ्याकडे बघतात आणि विषय पावसाकडे नेतात. पण तसं होतं खरं; ०.०३ मिलिमीटरवर त्यातली बहुतेक खनिजं काचेइतकी स्वच्छ असतात. आपल्या डोक्यावरचा केस याच्या दुपटीहून जाड भरतो. (हे प्रत्यक्ष तुलना करून पाहायचं असेल तर केस दुसऱ्याचा घ्यावा लागतो, अशा वयाला मी पोचलो आहे.)

कुठे थांबायचं हे दगडच सांगतो. ध्रुवित प्रकाशात प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज पिवळट दिसत असेल तर काप अजून जाड आहे. करडं-पांढरं दिसू लागलं की हात थांबवायचा. करड्यानंतरही उत्साह टिकला तर काचेवर फक्त इपॉक्सी उरतं. डायनोसॉर गेले तेव्हाचा दगड बेसिनच्या जाळीतून मोरीत जातो. आमच्या घरात या घासण्याला ‘पाटा’ म्हणतात. ‘बाबांचा पाटा चालू आहे का? मग मिक्सर लावते,’ असा संवाद दोन्ही बाजूंनी सहजपणे होतो. खऱ्या पाट्याला टाकी लावायला दारावर बाया येत असत, त्यांच्यातल्या एकीला मी लहानपणी पाहिलेलं आठवतं. ती आधी दगडावर बोटाच्या पेराने टकटक करून कान देऊन ऐकायची आणि मग छिन्नी लावायची. दगड आतून कसा आहे हे तिला मायक्रोस्कोपशिवाय कळत होतं. मला मायक्रोस्कोप लागतो, दोन पोलरायझर लागतात, शिवाय कॅमेरा.

पोलरायझर ही या खेळातली खरी गंमत. तुटक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर असते ना, तसली पारदर्शक पट्टी. एक पट्टी कापाच्या खाली ठेवायची, दुसरी वर, एकमेकींशी काटकोनात. नुसत्या दोन पट्ट्या अशा धरल्या की सगळा काळोख. पण त्यांच्यामध्ये दगडाचा काप सरकवला की उजेड पडतो, आणि नुसता उजेड नव्हे, रंग. अंधार अधिक अंधार अधिक काळा दगड, बरोबर रंगपंचमी; हे गणित शाळेत शिकवलं असतं तर मी जास्त मार्क मिळवले असते. होतं असं की स्फटिकात शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो, दोघं वेगवेगळ्या वेगाने चालतात, आणि वरच्या पट्टीत पुन्हा भेटतात तेव्हा त्यांच्यात पडलेल्या अंतरानुसार काही रंग जातात, काही उठून दिसतात. ऑजाइट नारिंगी, निळं, जांभळं होतं. प्लॅजिओक्लेज म्हणजे काडेपेटी सांडल्यासारख्या आडव्यातिडव्या पडलेल्या काड्या, आणि प्रत्येक काडीवर काळे-पांढरे पट्टे. मॅग्नेटाइट काहीही केलं तरी काळंच. त्याचा स्वभाव तसा. आणि मधल्या फटींत ज्वालामुखीची काच, जिला स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही.

या पट्ट्या येण्यापूर्वी पोलरायझर म्हणून कॅल्साइटचा लोलक वापरत. एडिंबराच्या विल्यम निकोलने तो १८२८ साली बनवला, आणि त्यासाठी लागणारं नितळ कॅल्साइट यायचं आइसलंडहून, तिथल्या बेसाल्टच्या पोकळीतून. म्हणजे बेसाल्टच्या पोटात काय आहे ते बघायचा डोळाही बेसाल्टनेच पुरवला. पुढे १८४९ च्या सुमारास शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने दगडाचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली धरले. लोक हसले. डोंगर कधी मायक्रोस्कोपने बघतात का, असा एकूण सूर होता. सॉर्बी घरचा खाऊनपिऊन सुखी होता, त्यामुळे त्याला लोकांचं हसणं परवडलं. त्याच्याकडे कॅमेरा असता आणि त्यावर हे डोंगराचं बटण असतं, तर त्याने ते हसणाऱ्यांना नुसतं दाखवलं असतं.

कारण ते बटण इथे अगदी शास्त्रशुद्ध आहे. मायक्रोस्कोप नीट जुळवला की आयपीसमधून बाहेर येणारे किरण समांतर असतात. डोळ्याला वाटतं आपण काहीतरी लांबचं, निवांत बघतोय. कॅमेऱ्यालाही तेच वाटू द्यायचं. बोटभर अंतरावरचा दगड आहे म्हणून फूल काढलेलं जवळचं बटण दाबाल तर कॅमेरा पुढेमागे गुरगुरत राहतो आणि हाती काही लागत नाही. डोंगर म्हणून सांगा, लगेच पटतं.

आणि कॅमेरा साधाच हवा. एका स्नेह्याने प्रेमाने आपला भलामोठा व्यावसायिक कॅमेरा आणून दिला, उभ्या हातावर तोलावी लागेल एवढी लेन्स. त्यातून दिसला तो काळोख आणि मधोमध एवढंसं गोल चित्र. आयपीसच्या किंचित वर प्रकाशाचा एक इवलासा ठिपका तयार होतो, सगळं दृश्य त्यातूनच जातं. मोठ्या लेन्सचं आतलं छिद्र त्या ठिपक्यापासून फार खोल असतं. छोट्या कॅमेऱ्याचं बारीक भिंग तिथे बरोबर टेकतं, थोडं झूम केलं की काळी कडा चौकटीबाहेर जाते. निकॉनच्या १९९९ सालच्या कूलपिक्स ९५० चं डोकं फिरवता येत असे आणि भिंगाला २८ मिलिमीटरचे आटे होते. दुर्बिणीवाले आणि मायक्रोस्कोपवाले त्याच्यावर जीव टाकत. माझा तेवढा कुलीन नाही. तो घरातल्या लग्नकार्यासाठी घेतलेला, मोबाइल आल्यावर गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या घडीत निवृत्त झालेला. त्याला आयपीसवर बसवण्यासाठी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि वर काळी चिकटपट्टी. दुकानदाराने विचारलं, ‘पाणी कुठून कुठे न्यायचंय?’

या कॅमेऱ्याचा सगळा जीव माणसांत अडकलेला आहे. त्याच्या यादीत समुद्रकिनारा आहे, आतषबाजी आहे, तान्हं बाळ आहे, जेवणाचं ताट आहे. दगड नाही. तो ऑजाइटच्या दोन दाण्यांना डोळे समजून त्यांच्याभोवती पिवळी चौकट काढतो आणि चेहरा सापडल्याच्या आनंदात तिथलाच उजेड मोजतो. हसू दिसलं की आपोआप फोटो काढायची त्याला सोय आहे. ती मी बंद ठेवली आहे, नाहीतर बेसाल्ट हसण्याची वाट पाहत सेल उतरेल. पण त्याची एक शंका मात्र मला फार आवडते. मायक्रोस्कोपचं गोल टेबल फिरवलं की प्रत्येक स्फटिक एका फेरीत चार वेळा विझतो, पूर्ण काळा होतो, पुन्हा उजळतो. अशातच एकदा पडद्यावर सूचना आली: कुणीतरी डोळे मिटले का? मिटले होते. प्लॅजिओक्लेजने.

आता हलण्याबद्दल. काटकोनातल्या पट्ट्यांमधून उजेड फार कमी येतो, त्यामुळे झडप अर्धा-पाऊण सेकंद उघडी राहते, आणि वर शंभरपट मोठं केलेलं चित्र. बटणावरचं बोट उचललं तरी दगड थरथरतो. त्यावर उपाय आहे, दोन सेकंदांचा टायमर. बोट काढायचं, श्वास आवरायचा, खुर्ची करकरू द्यायची नाही. पण ज्या जिल्ह्यात गळीत हंगाम असतो तिथे टायमरचं काही चालत नाही. दिवाळीनंतर आमच्या रस्त्याने ऊस चालू होतो. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्याने गाणं की ऊससुद्धा कान बंद करेल. रात्री काम करावं तर ऊस रात्रीच जास्त. सहा कोटी वर्षं जागचा न हललेला दगड साखर कारखान्याच्या कृपेने बरोबर त्या पाऊण सेकंदात हलतो. शेजारच्या मुलाने सुचवलं, ‘काका, शटर दाबायच्या आधी ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं ना, जरा थांब म्हणून.’ सांगणार काय, हा प्रश्न आहे. दगडाचा फोटो चाललाय, थांबा?

धूळही आहे. नगरच्या धुळीबद्दल नगरकराला सांगायला नको. आयपीसवर बसलेला कण प्रत्येक फोटोत अगदी ठसठशीत येतो. ओळखायची खूण सोपी: टेबल फिरवलं की दगड फिरतो, खनिजं फिरतात, पण हा गृहस्थ आपल्या जागी ठाम. अशी माणसं आपल्याला सभांमधून माहीत असतात.

फोटो हाती आला की लोकांना दाखवावासा वाटतो, आणि तिथे माझी खरी परीक्षा असते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘रंग वरून दिलेत ना?’ तरुण मंडळी विचारतात, ‘कोणता फिल्टर?’ यावर मी प्रामाणिकपणे म्हणतो, दोन फिल्टर, एक खाली, एक वर. त्यांचं समाधान होतं, माझं होत नाही. कारण रंग दगडाचेच आहेत आणि दगडाचे नाहीतही. पट्ट्या काढल्या की ऑजाइट फिकट तपकिरी, प्लॅजिओक्लेज बिनरंगी. जाडी बदलली की रंग बदलतो, आणि कोणत्या जाडीला कोणता रंग याचा तक्ता मिशेल-लेव्ही नावाच्या फ्रेंच माणसाने १८८८ साली करून ठेवला आहे. म्हणजे हे थापा मारणारे रंग नव्हेत, हिशोबाचे रंग आहेत. माझ्या मते माणसाच्या फोटोतसुद्धा यापेक्षा जास्त खरेपणा नसतो. पण हे लग्नाच्या पंगतीत सांगून पाहिलं, वाढपी पुढे निघून गेला.

माझा सगळ्यात लाडका फोटो अकोले तालुक्यातल्या एका विहिरीच्या मलब्यातल्या दगडाचा आहे. साध्या बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज डोळ्याला दिसतही नाही, कारण लाव्हा जमिनीवर येऊन भराभर निवला. पण काही थरांत दोन-दोन, तीन-तीन सेंटिमीटर लांबीचे स्फटिक सापडतात, जमिनीखाली असतानाच सावकाश, ऐटीत वाढलेले. कळसूबाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपगटात असे थर अधूनमधून येतात आणि एक थरसमूह कुठे संपला ते त्यांच्यावरून ओळखतात. या महास्फटिकी बेसाल्टवर १९७१ साली एका आंतरराष्ट्रीय ज्वालामुखी नियतकालिकात लेख आला. लिहिणारे करमरकर, कुलकर्णी, मराठे, सोवनी आणि पेशवा. ही नावं एकापाठोपाठ वाचली की सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या पत्रपेट्या आठवतात. ज्वालामुखीच्या अभ्यासात इतका घरगुतीपणा फार थोड्या देशांच्या वाट्याला आला असेल. संगमनेर भागात तर लाव्हा भेगांत घुसून घट्ट होऊन बनलेल्या उभ्या दगडी भिंतींचा मोठा समूह आहे. २००६ मध्ये बोंद्रे, हार्ट आणि शेठ यांनी त्याच्यावर सविस्तर लिहिलं. त्या भिंतींतला दगड मायक्रोस्कोपखाली जरा भरड दिसतो, कारण त्याला थोडा निवांतपणा मिळाला. दगडाचा पोत म्हणजे त्याला मिळालेला वेळ. माझ्या टेबलावर सध्या तोच घासला जातोय, आणि प्लॅजिओक्लेज अजून पिवळं आहे.

तर तो अकोल्याचा स्फटिक. अख्ख्या चौकटीत एकटा मावत नाही, तुकड्यातुकड्याने फोटो काढून जोडावा लागला. अंगावर सरळ पट्टे, काठाला वाढीच्या काळातल्या कडा एकात एक, आणि एका कोपऱ्यात वाढता वाढता गिळलेला काचेचा थेंब. खाली मोजपट्टी टाकली, कारण मोजपट्टी नसलेला सूक्ष्म फोटो विमानातून काढलेला म्हणूनही खपतो. एका नातेवाईकाने मूळ तुकडे पाहून विचारलंच होतं, ‘हे कोणतं धरण?’

हा फोटो मोठा करून घ्यावा म्हणून पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओत गेलो. पुढे पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग, शाळा सुरू होण्याचे दिवस. पोऱ्याने फोटो स्क्रीनवर उघडला, सवयीने रंग उजळायला हात नेला, आणि थबकला. मग मान वाकडी करून त्याने फोटो आडवा केला, उभा केला, पुन्हा आडवा केला.

‘काका, वरची बाजू कोणती?’

मी म्हटलं, कोणतीही चालेल.

‘मॅट का ग्लॉसी?’

मॅट.

त्याने पाकीट पुढे ओढलं, बॉलपेन झटकलं. ‘नाव काय टाकू?’ मी माझं सांगणार, तेवढ्यात तो म्हणाला, ‘तुमचं नाही, फोटोतल्याचं. नाहीतर आमच्याकडे अदलाबदल होते.’ मी प्लॅजिओक्लेज म्हटलं. त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी फक्त एवढंच सांगितलं की दगड आहे, अकोल्याचा.

‘मग असं सांगा ना,’ तो म्हणाला, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं: अकोलेकर, बारा बाय अठरा, ॲडव्हान्स जमा.